वावडे वळवण्याचे शास्त्र

धुळीच्या ॲलर्जीवर तीन वर्षे इंजेक्शने घेतलेल्या रुग्णाला पुष्कळदा एक कोडे पडते. सकाळी उठल्याउठल्या लागणारी शिंकांची माळ थांबलेली असते, नाक मोकळे असते, इन्हेलर महिनोन्महिने खणात पडून असतो. आणि तरीही रक्त तपासले की धुळीविरुद्धचे आयजीई प्रतिपिंड त्यात सापडतेच. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत गांधही उठते, फार तर पूर्वीपेक्षा लहान. मग बरे झाले ते नेमके काय? अहवाल खोटा की आराम खोटा? पुढील प्रकरणांत श्वसनमार्गाच्या ॲलर्जीवरील इम्युनोथेरपीचा तपशीलवार विचार येणार आहे. त्याआधी या कोड्याचे उत्तर देणे हे प्रस्तावनेचे काम, असे मी मानतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या उपचाराने ॲलर्जी पुसली जात नाही. आपली प्रतिकारयंत्रणा जुना धडा सहसा विसरत नाही. त्याच पदार्थाविषयी ती दुसरा धडा शिकते आणि हा दुसरा धडा पहिल्यावर मात करतो. एवढे मान्य केले, तर उपचाराला इतकी वर्षे का लागतात, त्याचे यश कशाने मोजावे, तो कुठे फसतो आणि कुठे धोक्याचा ठरतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रात ओवता येतात.

आधी पहिला धडा कसा शिकला जातो ते जवळून पाहू. घरातल्या धुळीतला माइट हा कोळ्याच्या कुळातला, जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर लांबीचा जीव. गादी, उशी, सोफा ही त्याची वस्ती आणि आपल्या कातडीचे झडलेले कण हे त्याचे खाणे. हवेत पुरेसा दमटपणा नसेल तर तो तगत नाही. मुंबईत आणि कोकणात त्याला ती अडचण नाही. धुळीच्या ॲलर्जीचा खरा आरोपी हा माइट आहे, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दाखवले. त्रास प्रामुख्याने होतो तो त्याच्या विष्ठेच्या कणांचा. अंथरूण झटकले की हे कण उडतात आणि नाकाच्या ओल्या अस्तरावर बसतात. त्यांतील डर पी १ नावाचे प्रथिन स्वतःच एक पाचक विकर आहे. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे दुवे ते सैल करते. दुखावलेले अस्तर धोक्याचे रासायनिक इशारे सोडते. तिथे टेहळणी करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी माइटच्या प्रथिनाचे तुकडे उचलून लसीका ग्रंथीत नेतात आणि टी पेशींना दाखवतात. धोक्याच्या वातावरणात झालेल्या या ओळखीतून टीएच २ प्रकारच्या टी पेशी तयार होतात. त्यांनी सोडलेल्या इंटरल्यूकिन ४ आणि १३ च्या हुकुमावरून बी पेशी आयजीई बनवू लागतात, तर इंटरल्यूकिन ५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची भरती सुरू होते. आयजीई रक्तात फार रेंगाळत नाही. अस्तरातल्या मास्ट पेशींवर ते जाऊन बसते. पुढच्या खेपेला माइटचा कण आला आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधले की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन ओतते. शिंका, पाणी, खाज ही तिची करणी. काही तासांनी इओसिनोफिल जमतात आणि नाक चोंदते, दम लागतो. या साखळीतल्या टी आणि बी पेशींपैकी काही दीर्घायुषी स्मृतिपेशी होतात. ॲलर्जी वर्षानुवर्षे टिकते ती त्यांच्यामुळे.

या स्मृतीला हात घालणारा उपचार मात्र ती स्मृती काय असते हे कळण्याच्या कितीतरी आधी सापडला. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून ‘हे फीव्हर’च्या (परागकणांच्या ॲलर्जीच्या) रुग्णांवर प्रयोग केले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांची समजूत अशी होती की परागकणांत एक विष असते आणि लसीप्रमाणे थोडे थोडे टोचले की शरीर त्या विषाला तोंड द्यायला शिकते. परागकणांत तसले विष नसते. समजूत चुकीची होती. पण त्यांची मोजण्याची पद्धत चोख होती. वेगवेगळ्या तीव्रतेच्या अर्काचा थेंब रुग्णाच्या डोळ्यात टाकून किती तीव्रतेला डोळा लाल होतो ते ते पाहत. इंजेक्शनांनंतर डोळा लाल व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी पट तीव्र अर्क लागू लागला. १९१३ मध्ये क्षयाने नून यांचे निधन झाले आणि काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले. उपपत्ती चुकलेली आणि उपचार बरोबर, अशी ही सुरुवात आहे. शरीरात काय घडते याचा शोध त्यामुळे पुढची शंभर वर्षे उपचाराच्या मागून धावत राहिला.

या शोधातला कळीचा पुरावा १९३५ चा. त्याआधी १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी ॲलर्जी रक्ताच्या द्रवभागातून दुसऱ्याला देता येते हे दाखवले होते. त्यांचे सहकारी क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. त्यांचे सीरम प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. नेमकी तिथेच गांध उठली. सीरममधला हा घटक म्हणजे आयजीई, हे ठरायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक यांनी मात्र १९३५ मध्येच प्राउस्निट्झ यांचीच पद्धत उलट अंगाने वापरली. रॅगवीड या वनस्पतीच्या परागकणांवर उपचार घेतलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये गांध उठवणारा घटक अजून होताच. पण त्याच सीरममध्ये ती गांध उठू न देणारा दुसरा घटकही होता. संवेदनशीलता आणि संरक्षण एकाच रक्तात एकाच वेळी नांदत होते. वर ज्या रुग्णाचे कोडे मांडले, त्याचे उत्तर असे ९० वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. आयजीई शिल्लक असणे हा उपचाराच्या अपयशाचा पुरावा नाही, कारण उपचार त्याला हाकलून लावत नाही; त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी उभा करतो.

हा प्रतिस्पर्धी कसा घडतो? नाकावाटे सहज जाते त्याच्या मानाने बरीच मोठी मात्रा इथे दुसऱ्याच वाटेने दिली जाते: दंडावर त्वचेखाली किंवा जिभेखाली. इंजेक्शनांत अगदी सौम्य अर्कापासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने मात्रा चढवतात आणि साधारण तीन-चार महिन्यांनी महिन्याला एक अशा स्थिर मात्रेवर येतात. त्या मात्रेत प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन ५ ते २० मायक्रोग्रॅम असावे, असा अनुभवसिद्ध संकेत आहे. अस्तर दुखावल्याचे इशारे इथे नसतात, त्यामुळे डेंड्रायटिक पेशी तेच प्रथिन वेगळ्या सुरात सादर करतात. अगदी आरंभी मास्ट पेशी आणि बेसोफिल यांची चिथावणीला बळी पडण्याची वृत्ती मंदावते. पुढच्या काही आठवड्यांत नियामक टी पेशी वाढतात आणि इंटरल्यूकिन १० व टीजीएफ-बीटा सोडून टीएच २ पेशींना आवर घालतात. त्यांच्याच प्रभावाखाली बी पेशी आयजीईऐवजी आयजीजी ४ बनवू लागतात. माइट किंवा परागकण यांच्याविरुद्धचे हे प्रतिपिंड दहापासून शंभर पटींपर्यंत वाढू शकते. गंमत अशी की पहिल्या काही महिन्यांत आयजीईदेखील चढते आणि मग अनेक महिन्यांत, वर्षांत हळूहळू उतरते. उपचार सुरू केल्यावर लगेच रक्त तपासून ‘ॲलर्जी वाढली’ म्हणून घाबरणारे रुग्ण असतात; वाढलेला आकडा खरा असतो, त्याचा अर्थ मात्र तो नसतो. शेवटी अस्तरातच बदल दिसू लागतो: तिथल्या मास्ट पेशी आणि इओसिनोफिल यांची संख्या घटते.

इथे जाणकार वाचक पहिली हरकत घेईल. आयजीजी ४ वाढते हे खरे, पण ते केवळ संपर्काची खूण नाही कशावरून? वारंवार डंख झेलणाऱ्या मधमाशीपालकांच्या रक्तातही ते भरपूर असते. शिवाय कोणत्याही एका रुग्णात आयजीजी ४ चा आकडा आणि त्याला मिळालेला आराम यांचा मेळ बसेलच असे नाही. हरकत रास्त आहे आणि आकड्यापुरती ती मान्यही केली पाहिजे. पण प्रतिपिंड किती आहे आणि ते काय करते, हे दोन वेगळे प्रश्न. आयजीजी ४ चे दोन अर्धे भाग दुसऱ्या रेणूंच्या अर्ध्यांशी अदलाबदल करतात, त्यामुळे एका प्रतिपिंडाचे दोन हात दोन वेगळ्या पदार्थांना धरणारे होतात. ते ॲलर्जीकारकाला धरून अडवते, पण साखळी बांधून नवा दाह पेटवत नाही. ही अडवणूक खरोखर कामाची आहे की नाही, याची सरळ कसोटी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लागली. मांजराची ॲलर्जी असलेल्यांना मांजराच्या प्रमुख प्रथिनाविरुद्ध बनवलेली दोन तयार आयजीजी ४ प्रतिपिंडे एकदाच टोचली गेली आणि काही दिवसांतच नाकाची लक्षणे लक्षणीयरीत्या उतरली. तिथे टी पेशींचे शिक्षण नव्हते, मात्रा चढवणे नव्हते. फक्त अडवणारे प्रतिपिंड होते. म्हणजे ते नुसती खूण नाही, ते काम करते. पण उसनी दिलेली प्रतिपिंडे काही काळाने विरून जातात. म्हणून इम्युनोथेरपीचे वेगळेपण केवळ प्रतिपिंडात शोधून भागणार नाही. ते बनवत राहणाऱ्या स्मृतीत शोधावे लागेल.

या स्मृतीचा पुरावा उपचार बंद केल्यावरच मिळतो. १९९९ मध्ये स्टीफन डरहॅम आणि सहकाऱ्यांनी लंडनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. गवताच्या परागकणांवर तीन-चार वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांपैकी काहींना खरे औषध पुढे चालू ठेवले, काहींना नकळत निष्क्रिय द्रव दिला. पुढची तीन वर्षे दोन्ही गटांत फरक दिसला नाही. उपचार थांबला तरी आराम थांबला नाही. त्याच्या शेजारी २०१७ चा अभ्यास ठेवा. त्यात इंजेक्शने आणि जिभेखालच्या गोळ्या या दोन्हींची दोन वर्षे दिलेल्या निष्क्रिय औषधाशी तुलना केली. उपचार चालू असताना फायदा दिसला, पण थांबवून वर्ष उलटल्यावर नाकाच्या चाचणीत निष्क्रिय औषध आणि खरे औषध यांत म्हणण्याजोगा फरक उरला नाही. तीन वर्षांनी साधते ते दोन वर्षांनी साधत नाही, याचा उलगडा शेतात दारे धरणाऱ्याला सांगावा लागणार नाही: पाणी नव्या पाटाला वळवले तरी तो पुरेसा खोल झाला नसेल, तर बांध सोडताच ते जुन्याच पाटाने धावते. प्रयोगशाळेतही हेच दिसते. उपचार थांबल्यावर आयजीजी ४ ची पातळी मूळपदाजवळ उतरली, तरी सीरमची अडवण्याची क्षमता बरीच टिकून राहते. म्हणजे उरलेले प्रतिपिंड थोडे असले तरी अधिक नेमके असते आणि ते पुरवणाऱ्या पेशी जागेवर असतात. सहा महिन्यांत बरे वाटले म्हणून उपचार सोडणारा रुग्ण औषध सोडत नसतो, शिक्षण अर्धवट टाकत असतो.

दुसरी हरकत अधिक मूलगामी: हे सगळे मनाचे समाधान तर नव्हे? ॲलर्जीची लक्षणे हंगामागणिक कमीजास्त होतात आणि ती मोजायची रुग्णाच्याच सांगण्यावरून. या शंकेला पहिले पद्धतशीर उत्तर १९५४ मध्ये विल्यम फ्रँकलंड आणि रोझा ऑगस्टिन यांनी दिले. त्यांनी रुग्णांचे चार गट केले: एकाला परागकणांचा पूर्ण अर्क, दुसऱ्याला त्यातली शुद्ध केलेली प्रथिने, तिसऱ्याला प्रथिने गाळून उरलेला द्रव आणि चौथ्याला नुसते सलाइन. नियंत्रण गटातही सुमारे एक तृतीयांश लोकांना चांगला गुण आला. तेव्हा शंका निराधार नव्हती. पण पूर्ण अर्क आणि शुद्ध प्रथिने घेतलेल्यांत हे प्रमाण दुपटीहून जास्त होते. समाधानाने गुण येतो, पण परागकणातल्या प्रथिनाने त्याहून पुष्कळ अधिक येतो, एवढे त्यातून ठरले. त्यानंतरच्या दशकांत गवत, बर्च, रॅगवीड आणि माइट यांवर अशा अनेक चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत माइटच्या जिभेखालच्या गोळीने प्रौढांच्या दम्याचे झटके लांबवले. मात्र दम्याला मुळातच रोखण्याचा दावा जपून करावा लागतो. परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षे इंजेक्शने दिल्यास पुढे दमा कमी जणांना होतो, असे युरोपातल्या एका दीर्घ अभ्यासात दिसले. पण त्यात कोणाला उपचार मिळतो आहे हे गुप्त नव्हते. पुढे ८१२ मुलांच्या काटेकोर चाचणीत दम्याची लक्षणे कमी झाली, तरी दम्याचे निदान होण्याचा काळ लांबला नाही.

तिसरी हरकत व्यवहारी माणसाची. हिस्टामिनविरोधी गोळी स्वस्त आहे, नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे प्रभावी आहे. मग तीन वर्षांचा खटाटोप कशाला? ज्याचा त्रास एवढ्याने आटोक्यात येतो, त्याला हा खटाटोप सुचवू नये, हेच प्रामाणिक उत्तर आहे. पण ही औषधे साखळीच्या शेवटच्या कड्यांवर काम करतात. गोळी हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही, स्प्रे दाह शमवतो. दोन्ही बंद केले की साखळी पूर्ववत. अतिशय नेमके औषध घेतले तरी हेच. ओमालिझुमॅब रक्तातल्या मोकळ्या आयजीईलाच पकडते आणि तीव्र दम्यात त्याचे मोल मोठे आहे. पण ते थांबवल्यावर परिणाम ओसरू लागतो, कारण त्याने पेशींना काही शिकवलेले नसते. उपचार संपल्यावरही टिकणारा फायदा हे इम्युनोथेरपीचे खास देणे आहे आणि तिचे मोजमाप त्याच निकषावर व्हायला हवे.

धोक्याची हरकत टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या पदार्थाचे वावडे आहे तोच टोचायचा, तर नव्या धड्याआधी जुना धडा जागा होण्याची शक्यता असतेच. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८६ मध्ये १९५७ पासूनच्या २६ मृत्यूंची नोंद समोर ठेवली आणि तिथे या इंजेक्शनांवर कडक निर्बंध आले. तपशील उपलब्ध होते त्या मृत्यूंपैकी बहुतेक दम्याच्या रुग्णांचे होते. त्यातून आजचे नियम घडले: दमा आटोक्यात नसेल त्या दिवशी इंजेक्शन नाही, इंजेक्शननंतर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबायचे आणि ॲड्रेनॅलिन हाताशी असल्याशिवाय टोचायचेच नाही. अमेरिकेत १९९० ते २००१ या काळात साधारण २५ लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू असा अंदाज निघाला. जिभेखालच्या उपचारात गंभीर प्रतिक्रिया आणखी विरळ. तोंडाला खाज, ओठ सुजणे हे तिथले नेहमीचे त्रास. धोका लहान आहे, पण तो लहान राहतो तो त्या अर्ध्या तासाच्या शिस्तीमुळे.

आपल्याकडे मात्र सर्वांत गंभीर प्रश्न वेगळाच आहे: काय शिकवायचे ते ठरवण्याचा. युरोपातले बरेचसे पुरावे एका गवताच्या एका हंगामाचे आहेत. महाराष्ट्रात घरात वर्षभर माइट आणि झुरळे, पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू, बाहेर गवते आणि १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत भरून मग देशभर पसरलेले गाजरगवत. त्वचेच्या चाचणीत एकाच रुग्णाला दहाबारा गांधी उठणे त्यामुळे नवल नाही. त्या सगळ्यांचे मिश्रण करून एकच बाटली देण्याचा मोह होतो आणि वरच्या सूत्राला इथेच तडा जातो. गांध उठते म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. जो त्रास देतो तोच शिकवायचा आहे. दहा पदार्थ एका बाटलीत घातले की प्रत्येकाची मात्रा पातळ होते आणि दुसरा धडा पक्का व्हायला लागणारी मात्राच मिळत नाही. त्यात बुरशी आणि झुरळ यांच्या अर्कांतली विकरे परागकणांची प्रथिने तोडून टाकू शकतात. शिवाय अनेक देशी अर्कांवर प्रमाण लिहिलेले असते ते कच्च्या मालाच्या वजनाचे. त्यात प्रमुख प्रथिन किती, हे त्यावरून कळत नाही. चुकीचा अर्क किती काळ खपू शकतो, याचे उदाहरण मधमाशी आणि गांधीलमाशीच्या डंखाच्या ॲलर्जीत आहे. अख्ख्या कीटकाचा अर्क दशकानुदशके टोचला गेला आणि १९७८ मध्ये तुलना झाली तेव्हा तो निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरला नाही. शुद्ध विष मात्र प्रभावी ठरले. उपचाराचे तत्त्व बरोबर होते, पाठ्यपुस्तकच चुकीचे होते.

म्हणून पुढील प्रकरणे वाचताना, किंवा स्वतःसाठी निर्णय घेताना, ‘ॲलर्जी मुळापासून जाते का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे आणि त्यावर हे शास्त्र उभे नाही. विचारायचे प्रश्न चार: त्रास नेमक्या कोणत्या पदार्थाचा आहे हे रुग्णाची हकिकत आणि चाचणी दोन्हींनी ठरले आहे का, अर्कात त्या पदार्थाचे प्रमुख प्रथिन पुरेसे आहे का, तीन वर्षे नेमाने घेता येईल अशी सोय आणि पैसा आहे का, आणि दमा आटोक्यात आहे का. यश मोजायचे ते शिंका, झोप, औषधांची घटलेली गरज आणि उपचार संपल्यानंतरचे हंगाम यांवरून. रक्तातल्या आयजीईच्या एका आकड्यावरून नव्हे. या चारपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर गोळी आणि स्प्रे यांवर राहणे हाच शहाणपणा. चारही उत्तरे ‘होय’ असतील, तर प्रतिकारयंत्रणेला दुसरा धडा शिकवता येतो, असे म्हणायला शंभराहून अधिक वर्षांचा पुरावा आपल्या बाजूला आहे.